एकच हिरवी

नावेद दारात आला तेव्हा माझ्या एका हातात नाचणीच्या पेजेची वाटी होती आणि मनू मांडीवरून निसटायच्या बेतात होती. त्यानं टेम्पोतून कम्प्युटरचा टॉवर उतरवला, आमच्या ओटीवर ठेवला आणि हात झटकले. हातांवरून पांढरी भुकटी उडाली.

“चाचांनी दिलंय,” तो म्हणाला. “जिते गावच्या हिरामण शेठच्या गणपतीच्या कारखान्यातलं हाय. सुरूच होत नाय. सप्लाय मेलाय, मी पिन घालून बघितलंय. पण चाचा बोलले, प्रणिताला नेऊन दे.”

“मेलाय तर मी काय करू त्याचं?”

“मी पण तेच बोललो.” तो हसला आणि मनूच्या गालाला बोट लावून म्हणाला, “रविवारी न्यायला येतो, ताई. नाय झालं तरी चालंल. पोरगी लहान हाय तुमची.”

टेम्पो गेला. ते ‘चालंल’ मात्र ओटीवरच राहिलं.

नझीरचाचांचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान पेणला आहे. लग्नाआधी मी जित्याहून, माहेराहून, तिथं कामाला जायची, लग्नानंतर रोह्याहून. मनू पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत गेले, मग थांबले. आता चाचांनी रोह्यात स्टेशन रस्त्याला गाळा घेतलाय, आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तिथं कोण बसणार हे त्यांनी सांगितलं नव्हतं. फोनवर एवढंच म्हणाले होते, “रोह्यात जागा घेतलीय, पोरी. मनू काय करते?” मी मनू काय काय करते ते सांगत बसले, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की विचारायचं ते विचारलंच नाही. नावेद त्यांचा पुतण्या, आखातातून परत आलेला, हातात काम नसलेला. म्हणजे गाळ्यात एक तर तो बसणार, नाही तर मी. आणि मग हे मशीन आलं. परीक्षा आहे हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

भीती वाटत होती ती गाळ्यातली खुर्ची जाण्याची, पण नुसती तेवढीच नाही. मनू झाल्यापासून माझ्या डोक्याचं काय झालंय ते मला कळत नव्हतं. डाळीत दोनदा मीठ पडायचं. कुकर गॅसवर चढवायचा आणि भाताचा डबा ओट्यावरच राहायचा. एकदा मेडिकलवाल्याला जितेशचा फोन नंबर सांगता सांगता मध्येच थांबले, पुढचे आकडे येईनातच. नवऱ्याचा नंबर. सासूबाई म्हणायच्या, “व्हतं तसं बायांचं. पोर मोठी झाली का येतं परत.” कधी येतं, सगळं येतं की थोडं मागं राहतं, हे कुणीच सांगत नव्हतं. हे मशीन सुरू झालं तर आलं म्हणायचं. नाही झालं तर नावेद म्हणाला तसंच, चालंल.

दुपारी मनूला झोपवलं आणि टॉवर आतल्या खोलीत ओढून नेला.

त्याला बाजूचं झाकण नव्हतंच. कारखान्यातली मशीनं अशीच असतात. तापतात म्हणून झाकण काढून टाकायचं आणि समोर टेबलफॅन लावून ठेवायचा. आतमध्ये प्लास्टरची भुकटी साखरेसारखी बसली होती आणि तिच्यावर इकडंतिकडं निळसर झाक होती. शेजारी कुठलातरी मोठा मोरावर बसलेला गणपती रंगवला असणार, रंगाच्या गनचा फवारा उडाला असणार. मी जित्याची. आमच्याकडं दाराच्या कड्यांनासुद्धा रंग लागलेला असतो. मी तिकडं बघितलं आणि पुढं गेले.

सप्लाय म्हणजे टॉवरच्या कोपऱ्यातली लोखंडी पेटी. भिंतीतली वीज तिच्यात जाते आणि बारीक होऊन रंगीत वायरींतून बाहेर येते. बहुतेक वायरी एका रुंद प्लगात शिरतात, दोन ओळींत, आणि तो प्लग मशीनच्या बोर्डावर बसतो. चाचांनी मला पहिल्याच आठवड्यात ते शिकवलं होतं. काळ्या म्हणजे जमीन, शून्यवाल्या. पिवळ्या बारा व्होल्टच्या, लाल पाचच्या, नारंगी त्याहून कमी. ह्या सगळ्या ओझी वाहणाऱ्या, त्यांचं बोलणं काही नसतं. बोलणाऱ्या तीनच. जांभळी सदा जागी. मशीन बंद असलं तरी भिंतीतलं बटण चालू आहे तोवर तिच्यात पाच व्होल्ट असतात. हिरवी म्हणजे हाक. ती काळीला टेकली की पेटी कामाला लागते. आणि करडी म्हणजे जबाब; सगळं नीट झालं की ती बोर्डाला सांगते, ठीक आहे, चला.

“हिरवी एकच असते,” चाचा म्हणायचे. “रंग बघ, पोरी, मोजत बसू नको. मोजताना माणूस प्लग उलटा धरतो आणि भलत्याच भोकात पिन घालतो.”

मी प्लग बोर्डावरून काढला, पेटीची वायर भिंतीत लावली, कपाटावरून माझा जुना मीटर काढला. एक टोक काळीला लावलं, एक जांभळीला. शून्य.

पुन्हा लावलं. शून्य.

म्हणजे नावेद बरोबर होता. पेटी जागीच नाही तर हाक मारून काय उपयोग. मला वाईट वाटायच्या आत मनू उठली, आणि मग वाईट वाटायला संध्याकाळपर्यंत वेळ मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उगाच, सवयीनं म्हणून मीटर परत लावला. पाच.

मी मीटरकडं बघत राहिले. काल शून्य होतं. काल होतं ना शून्य? का मी भिंतीतलं बटण लावायलाच विसरले होते? मी बटणाकडं बघितलं. आज लावलेलं होतं. कालचं आठवेना. भाताच्या डब्यासारखं झालं असेल.

बरं, जागी तर आहे. आता हाक. केसातला आकडा काढला, त्याचं एक टोक हिरवीच्या भोकात आणि एक काळीच्या भोकात घातलं. पेटीचा पंखा फिरायला हवा. फिरला नाही. आकडा हलवून बघितला. काही नाही. मग नजर जरा बाजूला गेली आणि मला शेजारी दुसरी हिरवी दिसली.

दोन हिरव्या.

हिरवी एकच असते. हे मला पाठ होतं, निदान पाठ होतं असं वाटत होतं. मी दुसरीतही आकडा घातला. पंखा ढिम्म. मग मी प्लग उजेडात धरला आणि नीट बघितलं तर जांभळ्यासुद्धा एक नव्हती. तीन होत्या. एक गडद, दोन जराशा लालसर, पण जांभळ्याच. एकीत पाच व्होल्ट, दोघींत काहीच नाही. मागची ओळ तर भुकटीनं इतकी माखलेली की सगळ्या वायरी राखेच्या रंगाच्या.

“गो प्रणिता,” सासूबाई दारात उभ्या होत्या. “ह्याची आतडी काढून बसलीस व्हय? पोरगी कवाधरनं हाका मारते.”

मला ऐकूच आलं नव्हतं. म्हणजे ऐकू आलं नाही असंही होतं आता.

संध्याकाळी मनूला कडेवर घेऊन मी मोबाइलवर शोधलं. चित्रात हिरवी एकच. जरा धीर आला. मग दुसऱ्या व्हिडिओत एक माणूस सांगत होता की काही कंपन्यांचे प्लग दिसायला सारखेच असतात, पण आत वायरींची जागा वेगळी आणि रंगही वेगळे, भरवसा ठेवू नका, बोर्ड जळेल. हे मशीन तसलं असेल का? त्याच्यावर नाव नव्हतं, नाव होतं तिथं गणपतीचा स्टिकर होता. तिसऱ्या चित्रात प्लग समोरून दाखवला होता, चौथ्यात वायरींच्या बाजूनं, म्हणजे आरशातल्यासारखा उलटा. मी मोजायला घेतलं. एका बाजूनं मोजलं तर हिरवीची जागा यायची ती राखाडी ओळीत. दुसऱ्या बाजूनं मोजलं तर भलतीकडंच. आणि मध्येच मनूनं मोबाइल तोंडात घातला.

नावेदचा फोन आला. “झालं काय, ताई?”

“नावेद, हिरव्या किती असतात रे?”

मला प्रश्न परत घ्यावासा वाटला.

“एक असते,” तो म्हणाला. “ह्याच्यात दोन हायत. मी दोघींत पिन घातली. असलं असतं कधी कधी लोकल मालात. नायतर आता नव्या सप्लायला सगळ्या वायरी काळ्याच येतात, ताई. रंगबिंग गेले.”

“मग ओळखायचं कसं?”

“ओळखायचं कशाला? बदलायचं.”

जितेश नागोठण्याहून शिफ्ट करून आला, तेव्हा मी चहा गाळत होते आणि गाळणीखाली कप नव्हता. त्यानं कप सरकवला. ओट्यावर सांडलेलं पुसलं. मग म्हणाला, “नवीन पेटी लाव ना. सुरू झालं तर झालं.”

“आणि नाही झालं तर?”

“तर नाय झालं.”

“जितेश, जांभळीत पाच आहेत. ती पेटी मेलेली नाही. मेलेल्यात पाच कुठून येतील?”

“कालच म्हणत होतीस शून्य हायत.”

“काल होते शून्य.”

तो माझ्याकडं बघत राहिला. चेष्टा नव्हती त्याच्या तोंडावर, तेच मला जास्त लागलं. मनूला माझ्या कडेवरून घेत म्हणाला, “तू जरा पड. भाकऱ्या मी आणतो बाहेरनं.”

मी पडले, पण डोळ्यांपुढं वायरीच होत्या. मनूच्या झोपेत मीही अशीच असते, बंद दिसते पण एक कान चालू. तिनं नुसती कूस बदलली तरी मला कळतं. आज दुपारी मात्र ती रडत होती आणि मला कळलं नव्हतं. हाक मारली आणि जबाब गेला नाही. मग बिघाड हाकेत होता का माझ्यात, एवढंच मला कळत नव्हतं. मशीनचंही तेच.

शनिवारी मी ठरवलं की नावेदला सांगून टाकायचं, घेऊन जा. सांगितलं नाही. धुणं वाळत घातलं, मनूला न्हाऊ घातलं, तेल लावलं, खाली सतरंजीवर बसवलं आणि टॉवर परत झाकून ठेवावा म्हणून आत गेले. पेटीची भिंतीतली वायर मी काढूनच ठेवली होती, एवढं बरं. झाकायला जुनी साडी शोधायला कपाटाकडं वळले, आणि वळून बघते तर मनू रांगत आलेली. टॉवरला टेकून बसलेली. तो रुंद प्लग तिनं दोन्ही हातांनी धरला होता, कणीस धरतात तसा, आणि वायरी चोखत होती.

“मनू, थूथू, सोड.”

तिनं माझ्याकडं बघून हसायला तोंड उघडलं. जीभ निळी. ओठ निळे, हनुवटीवरून निळी लाळ ओघळत झबल्यावर.

मी तिला उचललं, मोरीत नेलं, तोंडात बोट घालून पुसलं, पाणी, परत पाणी. ती रडायला लागली तशा सासूबाई धावत आल्या.

“काय खाल्लं गो हिनं?”

“रंग. गणपतीचा.”

“आणि इज?”

“वीज नाही त्यात. काढलेली आहे.”

त्यांनी मनूची जीभ बघितली, तोंडाचा वास घेतला, पाठीवरून हात फिरवला. मी डॉक्टरांच्या कंपाउंडरला फोन लावला. त्यानं रंग कसला विचारला. पाण्यातला, म्हटलं, बोट ओलं केलं तरी सुटणारा. तो म्हणाला, थोडाच असेल तर पाणी पाजा, उलटी किंवा सुस्ती वाटली तर लगेच घेऊन या. सुस्ती कसली, ती मला लाथा मारत होती. तिला दूध पाजायला बसले. ती प्यायली आणि पिता पिताच झोपली. झोपल्यावर तिची मूठ उघडली. तळवा निळा होता, रेषांमध्ये जास्त निळा.

मी किती वेळ त्या तळव्याकडं बघत होते.

पाण्यातला निळा.

लहानपणी मी आईबरोबर कारखान्यात बसायची. आई पाटांच्या कडा रंगवायची, मी पाटावरचे पोपट आणि केळीची पानं. आमच्याकडं हिरवा रंग वेगळा विकत आणायचेच नाहीत. आधी पिवळा द्यायचा, तो सुकला की वर पातळ निळा फिरवायचा. हिरवं होतं. लालावर तोच निळा फिरवला की शालूचा जांभळा. मी हजार पोपट केले असतील तसे.

मनूला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि जाऊन प्लग उचलला. तिनं चोखलेली जागा ओली होती. तिथं, त्या दोन हिरव्यांपैकी एकीवर, बोटभर भाग पिवळाधमक झाला होता.

मी तिचं दुपटं घेतलं, कोपरा ओला केला आणि वायर पुसली. पुसत गेले तशी हिरवी पिवळी होत गेली. दुसरी हिरवीही पिवळी. लालसर जांभळ्या दोघी पुसल्यावर लाल. तिसरी जांभळी पुसली, कितीही पुसली तरी जांभळीच राहिली. तीच पाच व्होल्टवाली. एक निळसर होती ती करडी निघाली. मग मागची राखाडी ओळ. भुकटी पाण्यानं चिखल होऊन उतरली, दुपट्याला लागली, आणि काळ्या काळ्या वायरींच्या मध्ये, शहाण्या मुलीसारखी एकटी बसलेली, हिरवी.

एकच.

मला हसू आलं का रडू ते आठवत नाही. पहिल्या दिवशी शून्य होतं हे खरं होतं. मी लाल वायरीला जांभळी समजून मीटर लावला होता. दुसऱ्या दिवशी पाच होते हेही खरं होतं. भिंतीतलं बटण मी लावलं होतं. हिरवी एकच असते हे मला पाठ होतं आणि ते बरोबर पाठ होतं. मी विसरले काहीच नव्हते. फक्त, समोर दोन दिसल्या तेव्हा मी डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि स्वतःवर नाही.

“दुपट्याचा काय केलास गो?” सासूबाई म्हणाल्या. “आता हे निघतंय व्हय?”

“निघेल. पाण्यातला रंग आहे.”

वायरी पुसून लगेच वीज द्यायची नसते. मी प्लग खिडकीत उन्हाला ठेवला, मनूच्या झबल्यांशेजारी. रविवारी सकाळी जितेश घरी होता. मनू त्याच्या खांद्यावर बसून त्याचे केस ओढत होती. मी पेटी भिंतीत लावली, आकडा हिरवीत घातला, दुसरं टोक काळीत. पेटीतून पांढरा ढग उडाला आणि पंखा फिरायला लागला. करडीला मीटर लावला. पाच. ठीक आहे, चला.

“झालं की,” जितेश शिंकत म्हणाला.

मी आकडा काढला, प्लग बोर्डावर बसवला, टॉवरचं पुढचं बटण दाबलं. काही नाही.

परत दाबलं. काही नाही.

पेटी चांगली आहे, हे मी आत्ता बघितलं होतं. का परत काहीतरी चुकतंय? प्लग नीट बसला नाही? उलटा? उलटा बसतच नाही. जितेश आणि मनू, दोघं माझ्याकडं बघत होते.

मी खाली बसले. सावकाश, मोठ्यानं, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, “पेटी जागी आहे. हाक मारली की उठते. मी मारली तेव्हा उठली. आता हाक कोण मारतंय?”

“बटण,” जितेश म्हणाला.

“बटण बोर्डाला सांगतं, बोर्ड हिरवीला काळीशी जोडतो.” मी बटणाकडं बघितलं. ते दाबलं की आत जात होतं, पण परत येताना वाजत नव्हतं. बटणापासून दोन बारीक वायरी बोर्डाच्या कोपऱ्यातल्या दोन काड्यांवर आल्या होत्या. त्या उपसून काढल्या आणि त्या दोन काड्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक जरासं टेकवलं.

मशीन सुरू झालं. आतले सगळे पंखे एकदम फिरले. बोर्डावरच्या बारक्या भोंग्यानं एकदा टुक केलं. मनूनं जितेशचे केस सोडले आणि टाळी वाजवली, तिला नुकतीच यायला लागली होती.

बटण खोलल्यावर आतमध्ये प्लास्टर आणि रंग मिळून दगडासारखी गोळी झालेली सापडली. हिरामण शेठचं मशीन कधी मेलंच नव्हतं. त्याला कुणी नीट हाक मारली नव्हती, एवढंच.

मी नझीरचाचांना फोन केला. नावेदला पाठवू नका म्हटलं, झालंय, मीच आणते.

“पेणला येऊ नको,” चाचा म्हणाले. “मी रोह्यातच हाय, गाळ्यावर. इथं आण. मनूला पण आण.”

जितेशनं टॉवर खांद्यावर घेतला, मी मनूला. गाळा रिकामाच होता. भिंतींना नवा चुना, एक टेबल, एक खुर्ची, आणि टेबलावर बसून वडापाव खाणारा नावेद. मी मशीन लावून दाखवलं, मनूनं प्लग चोखल्याचं सांगितलं. मग प्लग काढून एक पिवळी वायर दाखवली, तिच्या एका बाजूला मी मुद्दाम थोडा निळा ठेवला होता.

नावेदनं बोट ओलं करून घासलं. बोटाकडं बघितलं. “आयला,” तो हळूच म्हणाला. “मी तर ह्याच्यात पिन घातली.”

“मी पण,” मी म्हटलं. “आणि मी जित्याची.”

चाचा मनूला घेऊन उभे होते. तिची जीभ बघायला मागत होते आणि ती दाखवत नव्हती. “चूक माझी हाय,” ते म्हणाले. “रंग बघ म्हणून शिकवलं सगळ्यांना. धुऊन बघ म्हणायचं राहिलं.”

मला विचारायचं होतं. शब्द जुळवत होते, आणि जुळवताना वर बघितलं तर स्लॅबला एक लोखंडी हूक दिसला. नवा, जाड, चुन्याच्या आधी बसवलेला. पंखा लावायला असेल म्हणावं तर टेबल ह्या कोपऱ्यात आणि हूक खुर्चीच्या अगदी बाजूला, भिंतीलगत. तिथं पंखा लावला तर त्याची पाती भिंतीला लागतील.

“चाचा, हा हूक चुकलाय का? पंख्याची जागा इथं नाही.”

“पंख्याचा नाय तो.” चाचांनी मनूला एका हातावर झोका दिल्यासारखं हलवलं. “झोळीचा हाय. खुर्चीतनं हात पुरला पाह्यजे ना.”

मी हुकाकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. खुर्चीत बसून हात लांब केला तर बरोबर पुरला असता.

“म्हणजे तुम्ही आधीच,” मी म्हटलं. “मग मशीन कशाला पाठवलं होतं?”

“मशीन बिघडलं होतं म्हणून,” चाचा म्हणाले. “दुरुस्तीवाल्याकडं नाय पाठवायचं तर कुणाकडं?”

“आणि मी फोनच केला नसता तर? घेऊन जा म्हटलं असतं तर?”

चाचा वर बघत विचारात पडले, जणू हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नावेदनं कागदाचा बोळा केला आणि टेबलावरून खाली उतरला.

“मग काय, ताई,” तो म्हणाला. “मला इथं बसायला लागलं असतं, आणि त्या हुकाला छोट्या पात्यांचा पंखा आणायला.”

मनू चाचांच्या हातातून हुकाकडं बघत होती, तोंड उघडं टाकून. जिभेच्या कडेला निळा अजून थोडासा राहिला होता.